दुभाष्याच्या शोधांत

कांहीं माणसें अशीं असतात कीं, तीं घरांत असतांना त्यांचें महत्त्व कोणाच्याहि ध्यानांत येत नाहीं. पाणी भरणारा गडी चार दिवस गांवीं गेला, किंवा सकाळीं वर्तमानपत्र टाकणारा पोऱ्या आला नाहीं, म्हणजे घरांतला प्रत्येकजण एकदम तत्त्वज्ञ होतो आणि 'तो होता म्हणून आपलें चालत होतें' असें दुसऱ्यास सांगूं लागतो. यंत्रांच्या जगांतहि असे अबोल सेवक आहेत. त्यांच्यांतल्या एकाविषयीं मला आज चार शब्द लिहावयाचे आहेत. त्याला 'ड्रायव्हर' म्हणतात. हा शब्द ऐकतांच वाचकांच्या डोळ्यांपुढें खाकी कपड्यांतला, मोटार हांकणारा मनुष्य उभा राहील. पण मी म्हणतों तो ड्रायव्हर कांहींच हांकीत नाहीं. त्याचें खरें काम दुभाष्याचें आहे, आणि मराठींत त्याला दुभाष्या हेंच नांव अधिक शोभलें असतें असें मला वाटतें.

दोन दरबारांचे वकील समोरासमोर बसले आणि एकाची भाषा दुसऱ्याला येत नसली, म्हणजे मध्यें दुभाष्या बसवावा लागे. तो तहाच्या कागदावर सही करीत नसे, त्याला मानाचीं वस्त्रें मिळत नसत. पण तो उठून गेला तर दोन्ही वकिलांनीं एकमेकांच्या पगड्या पाहत बसण्यापलीकडे दुसरें कांहीं करतां येत नसे. संगणकांतहि अगदीं असेंच आहे. त्याच्या मध्यभागीं 'कर्नल' नांवाचा एक कारभारी असतो. ह्या कर्नलचा पलटणीशीं कांहीं संबंध नाहीं. त्या शब्दाचा अर्थ गाभा किंवा मगज. स्मृति, पडदा, कळफलक, आवाज, सर्वांचा कारभार तो पाहतो. परंतु हे निरनिराळे भाग निरनिराळ्या कंपन्यांनीं, निरनिराळ्या देशांत बनविलेले असतात, आणि प्रत्येकाची भाषा वेगळी. बिनतारी जाळ्याशीं, म्हणजे आपण ज्याला वाय-फाय म्हणतों त्याच्याशीं, बोलणारी जी बोटभर चिप लॅपटॉपच्या पोटांत असते तिची भाषा कर्नलला कळावी म्हणून मध्यें जो दुभाष्या बसतो, तोच हा ड्रायव्हर.

मी ज्या कर्नलविषयीं बोलतों आहें त्याचें नांव लिनक्स. १९९१ सालीं हेलसिंकीच्या विद्यापीठांतल्या लिनस टोरवाल्ड्स नांवाच्या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानें तो हौसेखातर लिहावयास घेतला, आणि आपली सगळी वही जगाला वाचावयास मोकळी करून दिली. आज अँड्रॉइडच्या प्रत्येक फोनांत तोच कर्नल आहे. नोव्हेंबर २०१७ मध्यें जगांतल्या सर्वांत वेगवान ५०० संगणकांची जी यादी निघाली तींतले सगळेच्या सगळे ५०० संगणक लिनक्सवर चालणारे होते. एवढ्या मोठ्या राज्याच्या कारभाऱ्याला पुण्याच्या एका खोलींत, दहा हातांवरच्या पेटीशीं बोलतां येऊं नये, ह्यांत मोठा विनोद आहे. पण ज्याचें काम अडतें त्याला तो विनोद कळत नाहीं.

काम अडलें होतें तें माझ्या भाचीचें. ती रत्नागिरीहून पुण्यास संख्याशास्त्र शिकावयास आली आहे. तिच्याजवळचा लॅपटॉप तिच्या वडिलांनीं आठ वर्षांपूर्वीं दुकानाच्या हिशेबासाठीं घेतलेला. १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० ह्या प्रणालीची नेहमींची डागडुजी थांबली, आणि तिची पुढची आवृत्ति ह्या जुन्या यंत्राला मानवत नव्हती. यंत्र मात्र धडधाकट होतें. मैत्रिणीच्या भावानें त्यावर लिनक्स बसवून दिलें. पडदा उजळला, कळफलक चालूं लागला, गाणें वाजलें. फक्त बिनतारी जाळ्यांची यादी कोरी. वसतिगृहांत तारेचें जाळें नाहीं, आणि कॉलेजाचें सगळें काम जाळ्यावरून द्यावयाचें. दुरुस्तीच्या एका दुकानदारानें तो लॅपटॉप न उघडतांच परत केला आणि म्हणाला, "ह्यांत आतां कांहीं राम नाहीं, नवा घ्या." नवा म्हणजे चाळीस हजारांची बात.

एका रविवारीं ती तें यंत्र घेऊन माझ्याकडे आली. चहा होईपर्यंत गप्प बसली, आणि मग म्हणाली, "मामा, बाबांना मीं अजून सांगितलेलें नाहीं. सांगितलें तर ते पतपेढींतून कर्ज काढतील; आणि छपराच्या कर्जाचे हप्ते अजून फिटावयाचे आहेत. तुम्हीहि त्यांना इतक्यांत कळवूं नका." तिचा प्रकल्प दहा दिवसांनीं द्यावयाचा होता. तेव्हांपासून हा प्रश्न माझ्या दृष्टीनें नुसत्या यंत्राचा राहिला नाहीं.

यंत्र बिघडलें म्हणजे औषध सांगणारे वैद्य पैशाला पासरी मिळतात. कोणी तिला सांगितलें होतें कीं, सारें पुसून पुन्हा बसव. कोणी म्हणालें, लिनक्सचा हा वाणच वाईट, दुसरा घे. तिसऱ्यानें तर आज्ञांची एक लांबलचक माळ लिहून दिली होती आणि 'अर्थ विचारूं नकोस, नुसती टंकून टाक' असा मंत्रोपदेशहि केला होता. तिनें त्यांतलें कांहींच केलें नव्हतें, हें तिचें शहाणपण. मी पेशानें गणिताचा शिक्षक. निवृत्त झाल्यापासून हीं यंत्रें उघडून पाहण्याचा मला नाद लागला आहे. मीं तिला दोन नियम सांगितले. निदान झाल्यावांचून औषध द्यावयाचें नाहीं; आणि एका वेळीं दोन औषधें द्यावयाचीं नाहींत, कारण मग गुण आला तर तो कोणत्यानें आला हें कळत नाहीं, आणि अवगुण आला तर तेंहि कळत नाहीं.

पहिला प्रश्न अगदीं साधा होता. बिनतारी यंत्र कोणी मुद्दाम बंद तर केलेलें नाहीं ना? पुष्कळ लॅपटॉपांवर विमानाचें चित्र असलेली एक कळ असते; ती नकळत दाबली गेली कीं सारें मुकें होतें. 'आरएफकिल' ह्या आज्ञेनें अशा बंदीची यादी मिळते. बंदी दोन जातींची: एक सॉफ्ट, म्हणजे आज्ञेनें उठणारी, दुसरी हार्ड, म्हणजे कळ किंवा खटका फिरविल्यावांचून न उठणारी. भाचीच्या लॅपटॉपांत बिनतारी यंत्रावर कोणतीच बंदी नव्हती. इतकेंच नव्हे, तर यादींत त्याचें नांवच नव्हतें. जो बंदिवान नाहीं आणि मोकळाहि नाहीं, असा मनुष्य एक तर मेलेला असतो किंवा त्याची नोंद झालेली नसते.

मेला आहे कीं काय हें पाहण्यासाठीं 'एलएसपीसीआय' ही आज्ञा आहे. संगणकाच्या अंतर्गत मार्गावर जीं जीं यंत्रें बसविलेलीं असतात त्यांची ती शिरगणती करते. प्रागच्या मार्टिन मारेश ह्या संगणकतज्ज्ञानें ती लिहिली. प्रत्येक यंत्राच्या पोटांत दोन आकडे कोरलेले असतात आणि लिहितांना त्यांच्या मध्यें विसर्गासारखीं दोन टिंबें देतात. पहिला आकडा कुळाचा, म्हणजे कंपनीचा; दुसरा त्या व्यक्तीचा. आकडे षोडशमानांतले, म्हणून त्यांत मधूनमधून रोमन अक्षरेंहि येतात. इंटेल कंपनीचा कुळाचा आकडा ८०८६ आहे, आणि तिच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध चिपचें नांवहि तेंच आहे. तेव्हां ह्या कोरड्या वहींतहि कोठें कोठें कुलाभिमान डोकावतो. खोक्यावरचें नांव फसवूं शकतें; एकाच नांवाच्या मालांत पुढल्या वर्षीं वेगळीच चिप निघते. हा आकडा मात्र खोटें बोलत नाहीं. म्हणून औषधाचा शोध खोक्यावरच्या नांवानें न करतां ह्या आकड्यानें करावा.

त्या यादींत आमचा रोगी होता. त्याच्या नांवाखालीं 'वापरांत असलेला ड्रायव्हर' अशी एक ओळ असावयास हवी, ती नव्हती. पण 'ह्यास लागूं पडणारा ड्रायव्हर' अशा अर्थाची दुसरी ओळ होती, आणि तींत एक नांव होतें. म्हणजे यंत्र जिवंत, दुभाष्याची नेमणूक झालेली, परंतु तो कामावर रुजू नाहीं. भाची पुढें वांकून म्हणाली, "म्हणजे मामा, दुकानदार म्हणाला तसें हें मेलेलें नाहीं?"

"नाहीं," मीं म्हटलें. "मुकें आहे. कां मुकें आहे तें अजून कळावयाचें आहे."

तें कळण्याचें ठिकाणहि ठरलेलें आहे. कर्नल हा मोठा शिस्तीचा कारभारी असल्यामुळें स्वतःची रोजनिशी ठेवतो. यंत्र सुरू झाल्या क्षणापासून कोण आला, कोण गेला, कोणाचें काय अडलें, ह्याची नोंद तो सेकंदाच्या दहा लक्षांशापर्यंत वेळ घालून करतो. ती वाचण्याच्या आज्ञेचें नांव 'डीमेसेज'. वाचन रुक्ष असतें, ओळी शेंकडों असतात, आणि म्हणूनच पुष्कळ लोक ती वाचीत नाहींत. मीं ती भाचीलाच वाचावयास लावली. सुमारें अकराव्या सेकंदाच्या नोंदीपाशीं तिचें बोट थांबलें. दुभाष्या आला होता. त्यानें चिपला ओळखलें होतें. मग त्यानें एका विशिष्ट नांवाची फाइल मागितली होती, आणि उत्तर आलें होतें -२. ह्या -२ चा अर्थ ठरलेला आहे: 'अशी फाइल येथें नाहीं.' तें उत्तर ऐकून बिचारा दुभाष्या आल्या पावलीं परत गेला होता.

ही फाइल म्हणजे काय, तें सांगितलें पाहिजे. बिनतारी चिप ही स्वतःच एक चिमुकला संगणक असते, आणि तिलाहि तिचा कार्यक्रम लागतो. त्याला 'फर्मवेअर' म्हणतात. पुष्कळ चिपांत तो कायमचा कोरलेला नसतो. यंत्र सुरू होतांना दर वेळीं ड्रायव्हरनें तो तिच्या हातांत द्यावयाचा असतो. त्यामुळें चिप स्वस्त पडते, आणि कार्यक्रमांत दोष सांपडला तर फाइल बदलून तो दूर करतां येतो. झोपेंतून उठल्यावर ज्याला स्वतःचें नांवहि आठवत नाहीं अशा मनुष्यासारखी ही चिप आहे. त्याच्या उशाशीं रोज एक चिठ्ठी ठेवावी लागते: तूं अमुक, तुझें काम तमुक. चिठ्ठी ठेवावयास कोणी विसरला, कीं तो धडधाकट मनुष्य दिवसभर भिंतीकडे पाहत बसतो. भाचीच्या यंत्रांत लिनक्स बसवितांना ह्या चिठ्ठ्यांचें पुडकें तेवढें बसविलें गेलें नव्हतें.

आतां ही चिठ्ठी कंपनीची मालमत्ता असते. तिचा मूळ मजकूर कंपनी दाखवीत नाहीं. ती कोणी व कोणत्या अटींवर वांटावी हेंहि तीच ठरविते. ह्यावरून लिनक्सच्या लोकांत जुना वाद आहे. डेबियन ही स्वयंसेवकांची संस्था १९९३ पासून लिनक्सचा एक संग्रह तयार करीत आली आहे. ज्याचा मूळ मजकूर उघडा नाहीं असें कांहींहि मुख्य संग्रहांत घ्यावयाचें नाहीं, हा तिचा नेम. नेमामुळें सोंवळें शाबूत राहिलें, परंतु पुष्कळ नवशिक्यांचे लॅपटॉप मात्र मुके राहूं लागले. अखेर २०२२ सालीं सभासदांनीं मतदान घेऊन ठरविलें कीं, फर्मवेअर बसविण्याच्या प्रतींतच द्यावें. आणि जून २०२३ मध्यें निघालेली 'बुकवर्म' ही १२ वी आवृत्ति त्याप्रमाणें निघाली. कोणी म्हणेल सोंवळें मोडलें. मी त्याला आपद्धर्म म्हणेन; आणि आपद्धर्म पाळतांनाहि त्यांनीं त्या बंद फाइलींची रांग वेगळी ठेवली, म्हणजे धर्म कोणता आणि आपद् कोणती हें ते विसरले नाहींत.

आमचें निदान झालें, औषधाचें नांवहि कळलें. पण औषध आणावयाचें कोठून? फाइल जाळ्यावर, आणि फाइलीवांचून जाळें नाहीं! लग्न झाल्याशिवाय वेड जात नाहीं आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाहीं, ही म्हण ज्यानें रचली त्यानें लिनक्स पाहिलें नव्हतें. पण ती त्याला तंतोतंत लागूं पडते. पूर्वींच्या लॅपटॉपांना जाळ्याची तार खुपसण्याचें भोक असे. ह्या सडपातळ यंत्राला तें नव्हतें. वाट निघाली ती फोनांतून. फोन बिनतारी जाळें पकडतो आणि यूएसबीच्या तारेनें तें लॅपटॉपला देऊं शकतो. फोनच्या सेटिंगमध्यें 'यूएसबी टेदरिंग' नांवाची ही सोय असते. कर्नलला फोन हा साध्या तारेच्या जाळ्यासारखा दिसतो, आणि त्याचा दुभाष्या कर्नलच्या पदरीं आधींपासूनच असतो. फोनांतहि लिनक्सच असल्यामुळें धाकट्या भावानें थोरल्याला घांस भरवावा तसा तो प्रकार झाला. पुडकें उतरलें, बसलें. यंत्र पुन्हा सुरू केलें. कोऱ्या यादींत एकामागून एक शेजाऱ्यांच्या जाळ्यांचीं नांवें उमटलीं. कोणी आपल्या जाळ्याला कुलदैवताचें नांव दिलें होतें, कोणी मुलीचें. शेजाऱ्यांचीं नांवें वाचून इतका आनंद मला पूर्वीं कधीं झाला नव्हता.

परंतु रोग्याचा ताप उतरला म्हणजे तो बरा झालाच असें नव्हे. वसतिगृहांत परत गेल्यावर तिसऱ्या दिवशीं तिचा फोन आला, "मामा, जाळें लागतें, पण मधूनच तुटतें." मीं उपाय सांगितला नाहीं, केव्हां तुटतें तें वहींत लिहून ठेव, एवढेंच सांगितलें. संख्याशास्त्राच्या मुलीला हें सांगणें म्हणजे माशाला पोहावयास सांगणें. दोन दिवसांनीं तिनेंच निदान आणून दिलें. विजेची तार लावलेली असतांना एकदांहि तुटलें नव्हतें. बॅटरीवर असतांना, आणि तेंहि कांहीं मिनिटें काम न करतां बसल्यावर, नऊ वेळां तुटलें होतें. वीज वांचविण्यासाठीं चिप मधूनमधून डुलकी घेते. जाळ्याची पेटी सेकंदाला सुमारें दहा वेळां ललकारी देते. चिपनें त्या वेळीं डोळे उघडून आपल्या नांवाचें टपाल आहे का तें पाहावयाचें आणि पुन्हा डोळे मिटावयाचे, असा संकेत आहे. कांहीं चिपांचा आणि कांहीं पेट्यांचा हा संकेत जुळत नाहीं, आणि डुलकीची झोप होते. जाळ्याची व्यवस्था पाहणाऱ्या नेटवर्कमॅनेजर नांवाच्या कार्यक्रमाच्या सेटिंगमध्यें 'पॉवरसेव्ह' ह्या ओळीपुढें ३ होता, तेथें तिनें २ केला. म्हणजे डुलकी बंद. बॅटरी थोडी लवकर उतरते, पण जाळें तुटत नाहीं. प्रकल्प मुदतीच्या आदल्या रात्रीं पोंचला.

सर्वांचेच रोग इतके सोपे नसतात. कांहीं चिपांसाठीं कर्नलच्या पदरीं दुभाष्याच नसतो. तो बाहेरून आणून, त्याचा मजकूर आपल्या कर्नलला जुळेल असा नव्यानें घडवून घ्यावा लागतो. मग कर्नलची नवी आवृत्ति आली कीं जुना दुभाष्या निकामी होतो, आणि काल चालणारें यंत्र आज मुकें होतें. ही घडणावळ दर वेळीं आपोआप करणारी 'डीकेएमएस' नांवाची व्यवस्था आहे. बाहेरचा दुभाष्या ठेवणाऱ्यानें ती बसवून घ्यावी. कांहीं यंत्रांत 'सिक्युअर बूट' नांवाचा पहारेकरी असतो. ज्याच्या परवान्यावर ओळखीचा शिक्का नाहीं अशा दुभाष्याला तो आंत सोडीत नाहीं. तेथें स्वतःचा शिक्का नोंदवून दुभाष्याच्या कागदावर उमटवावा लागतो. आणि ह्यांतलें कांहींच साधलें नाहीं, तर ज्याचा दुभाष्या कर्नलमध्यें आधींच आहे असा नखाएवढा यूएसबी अडॅप्टर विकत आणावा. तो नव्या लॅपटॉपच्या मानानें कितीतरी स्वस्त पडतो, आणि त्याबद्दल कोणी लाज बाळगण्याचें कारण नाहीं.

ह्या साऱ्या खटाटोपांत एक प्रश्न माझ्या मनांत घोळत राहिला. पैसे मोजून घेतलेल्या वस्तूची भाषा तिच्या मालकाला कां कळूं नये? हा प्रश्न माझा नव्हे. तो जुना आहे, आणि मौज अशी कीं, ज्या चळवळीनें असले मोकळे कार्यक्रम जगाला दिले तिचा उगमहि ड्रायव्हरच्याच एका भांडणांत आहे. १९८० च्या सुमारास अमेरिकेंतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेंत झेरॉक्स कंपनीचा एक लेझर छपाई-यंत्र आला. त्यांत कागद अडके. आधींच्या यंत्राच्या कार्यक्रमांत रिचर्ड स्टॉलमन ह्या तरुणानें अशी सुधारणा केली होती कीं, काम अडतांच ज्याचें काम त्याला निरोप जावा. नव्या यंत्राच्या कार्यक्रमाचा मूळ मजकूरच मिळेना. ज्याच्याजवळ तो होता त्यानें, गुप्ततेचें वचन दिलें आहे म्हणून, नकार दिला. त्या नकाराचा सल त्याच्या मनांत राहिला, आणि १९८३ सालीं त्यानें सर्वस्वीं मोकळी अशी 'ग्नू' प्रणाली लिहिण्याचा संकल्प जाहीर केला. लिनक्स कर्नल पुढें तिच्याच जोडीनें नांदूं लागला.

बिनतारी चिपांच्या बाबतींत हें भांडण अधिकच रंगलें. ब्रॉडकॉम कंपनीच्या चिपांची भाषा कोणी सांगेना, तेव्हां स्वयंसेवकांनीं ती ऐकून ऐकून शिकण्याचें ठरविलें. एका गटानें कंपनीचा ड्रायव्हर काय करतो हें पाहून त्याचें वर्णन लिहावयाचें. दुसऱ्या गटानें मूळ मजकुराकडे ढुंकूनहि न पाहतां, केवळ त्या वर्णनावरून नवा ड्रायव्हर रचावयाचा, म्हणजे नक्कल केल्याचा आरोप येऊं नये. शिलालेखाची अनोळखी लिपि वाचणाऱ्या पंडितांचीच ही चिकाटी. २००६ सालीं तो ड्रायव्हर कर्नलमध्यें दाखल झाला. २००८ सालीं अ‍ॅथेरॉस कंपनीनें आपल्या नव्या चिपांसाठीं उघडा ड्रायव्हर दिला, आणि २०१० सालीं खुद्द ब्रॉडकॉमनेंहि कांहीं चिपांसाठीं तसाच दिला. दार ठोठावणारे थकले नाहींत, म्हणून आंतल्यांनीं कडी काढली.

कंपन्यांच्या बाजूनेंहि बोलण्यासारखें आहे. आकाश सर्वांचें आहे, आणि म्हणूनच त्यांत कोणी किती मोठ्यानें ओरडावें ह्याला नियम लागतात. भारतांत २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यांत कमी शक्तीचीं बिनतारी यंत्रें परवान्यावांचून वापरण्याची मोकळीक २००५ सालीं मिळाली. निरनिराळ्या देशांत निरनिराळे नियम. चिपची नाडी सर्वांच्या हातीं दिली तर कोणी शक्तीची मर्यादा ओलांडील, ही भीति अगदींच खोटी नाहीं. परंतु रस्त्यावर वेगाची मर्यादा आहे म्हणून मोटारीचें झांकण शिवून टाकावें, असें आपण म्हणत नाहीं. ह्या बाबतींत मला जगदीशचंद्र बसूंची आठवण होते. १८९५ सालीं कलकत्त्यास त्यांनीं बिनतारी लहरींनीं दूरची घंटा वाजवून आणि दारू पेटवून दाखविली. आपल्या शोधांचें पेटंट घेण्यास ते नाखूष असत. १९०४ सालीं अमेरिकेंत त्यांच्या नांवें जें एक पेटंट निघालें तें स्नेह्यांच्या आग्रहानें. ज्या लहरींवर आज घरोघरचें टपाल फिरतें, त्यांच्या आरंभींच्या उपासकांत असा एक मनुष्य होऊन गेला, ही गोष्ट चिपांना कुलुपें घालणाऱ्यांनीं कधींतरी आठवून पाहावी.

मेहुण्यांना ही हकीकत पुढें भाचीनेंच सांगितली. त्यांचा मला फोन आला. कर्जाचा, खर्चाचा विषय त्यांनीं काढला नाहीं. त्यांनीं एवढेंच विचारलें, "काय हो, तें माझें जुनें यंत्र अजून चालतें म्हणे?" मीं होय म्हटल्यावर ते जरा थांबले, आणि म्हणाले, "चांगलें घेतलें होतें मीं." आठ वर्षांपूर्वीं दुकानाच्या मिळकतींतून घेतलेली वस्तु वाईट नव्हती, हें कळल्याचें समाधान चाळीस हजार वांचल्याच्या समाधानापेक्षां मोठें होतें, असें मला त्यांच्या आवाजावरून वाटलें. दुकानदाराच्या एका वाक्यानें तें नाहींसें झालें असतें.

आपल्या शास्त्रांनीं मनुष्यावर तीन ऋणें सांगितलीं आहेत. त्यांतलें ऋषिऋण अध्ययनानें फिटतें असें म्हटलें आहे. ज्यांना आपण कधीं पाहिलें नाहीं त्यांच्या विद्येवर आपण जगतों, आणि तें देणें पैशानें देतां येत नाहीं. लिनक्स कर्नलच्या मजकुरांत एक यादी आहे. कोणत्या ड्रायव्हरची काळजी कोण वाहतो हें तींत नांवनिशीवार लिहिलेलें असतें. भाचीनें एकदां तींतून आपल्या चिपचा पालनकर्ता शोधून काढला. त्या नांवाच्या मनुष्याला रत्नागिरी कोठें आहे हें ठाऊक असण्याचा संभव नाहीं. तिनें त्याचें नांव आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलें आहे, आणि खालीं क्रमानें सारें निदान: बंदी आहे का, आकडा कोणता, दुभाष्या कोण, रोजनिशी काय म्हणते. त्या वहीवरून वसतिगृहांतले आणखी तीन लॅपटॉप आतांपर्यंत बोलूं लागले आहेत. तिसरा बोलूं लागला त्या दिवशीं ती मला म्हणाली, "मामा, ह्या वेळीं मीं नुसती शेजारीं बसलें होतें. सगळें तिचें तिनेंच वाचलें."